चोर न म्हणवणारे चोर : वैद्यकीय फसवणूक आणि दंडविधान

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात वैद्याच्या अपराधाला वाहिलेला एकच श्लोक आहे (२.२४२). मिथ्या आचरण करणाऱ्या वैद्याने पशूच्या बाबतीत प्रथम, माणसाच्या बाबतीत मध्यम आणि राजपुरुषाच्या बाबतीत उत्तम साहसाचा दंड भरावा, एवढेच तो सांगतो. श्लोक लहान असला तरी त्याचा शेजार पाहण्याजोगा आहे. त्याच्या लगेच आधी तराजू, राजशासन, मापे आणि नाणी खोटी बनवणारा येतो. मग खऱ्या नाण्याला खोटे व खोट्याला खरे ठरवणारा नाणेपारखी येतो. वैद्यानंतर तीन श्लोकांच्या अंतरावर औषध, तेल, मीठ, सुगंधी द्रव्ये, धान्य, गूळ यांत हलका माल मिसळून विकणारा दुकानदार उभा आहे व त्याला १६ पणांचा दंड आहे. खोटे नाणे आणि भेसळीचे औषध यांच्या मधोमध वैद्याला बसवताना स्मृतिकाराने त्याच्या अपराधाची जात ठरवून टाकली आहे. येथे रोग्याला झालेल्या इजेहून, खरे म्हणून दाखवलेली वस्तू खरी नव्हती याला अधिक महत्त्व आहे.

सारा प्रश्न ‘मिथ्या’ या एका शब्दापाशी येऊन थांबतो. मिथ्या उपचार म्हणजे चुकलेला उपचार की खोटा उपचार? मनुस्मृतीत (९.२८४) ‘सर्व’ वैद्यांच्या मिथ्या वर्तनाला दंड सांगितला आहे. तेथे पशू व माणूस अशा दोनच पायऱ्या असून शब्दाचा अर्थ मोकळा सोडलेला आहे. मात्र त्याच अध्यायात थोडे आधी (९.२५८-२६०) मनूने उघड वंचकांची यादी दिली आहे. लाचखाऊ, जुगारी, भविष्य सांगून पोट भरणारे यांच्या रांगेत तेथे नीट काम न करणारे चिकित्सकही आहेत. मिताक्षराकार विज्ञानेश्वराने हा मोकळेपणा संपवला. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्य सहाव्याच्या (इ. स. १०७६-११२६) आश्रयाने, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे, लिहिताना तो याज्ञवल्क्याच्या श्लोकाचा अर्थ असा लावतो : स्वतः आयुर्वेद जाणत नसताना, केवळ उपजीविकेसाठी, आपण चिकित्सा जाणतो असे म्हणून जो उपचार करतो, तो येथे दंडनीय. अज्ञान, धनाची इच्छा आणि ज्ञानाचा खोटा दावा ही तिन्ही अंगे एकत्र आल्याखेरीज अपराध पुरा होत नाही. फसवणुकीची आजची कोणतीही कायदेशीर व्याख्या याहून फार वेगळे काही मागत नाही.

याच टीकेत पुढे जे येते ते मात्र आजच्या वाचकाला खटकते. पशूच्या बाबतीत त्याचे मूल्य, माणसाच्या बाबतीत त्याचा वर्ण आणि राजपुरुषाच्या बाबतीत त्याची राजाशी असलेली जवळीक पाहून दंड कमीजास्त करावा, असे विज्ञानेश्वर सांगतो. याज्ञवल्क्याच्या हिशेबाने उत्तम साहस म्हणजे १०८० पण, मध्यम ५४० आणि प्रथम २७०. वैद्याने बोललेले खोटे तिन्ही ठिकाणी सारखेच असते. त्याचे मोल ठरते ते ज्याच्याशी खोटे बोलले गेले त्याच्या स्थानावरून. हम्मुराबीच्या संहितेतही (इ. स. पू. अठरावे शतक) शल्यवैद्याचे मानधन आणि त्याची शिक्षा ही दोन्ही रोग्याच्या सामाजिक श्रेणीनुसार बदलतात, आणि तेथेही गुराढोरांचा वैद्य वेगळा काढलेला आहे. साम्य मोहात पाडणारे आहे, पण ते ताणू नये. बाबिलोनी कलमे शस्त्रक्रियेच्या परिणामाकडे पाहतात. डोळा गेला किंवा माणूस मेला की शिक्षा ठरली; वैद्याने काय सांगितले होते हे विचारले जात नाही. तो विचार याज्ञवल्क्य-मिताक्षरेत आहे.

कौटिल्याने वैद्याला आणखीच निराळ्या मंडळींत बसवले आहे. अर्थशास्त्राचे चौथे अधिकरण कंटकशोधनाचे. त्यातला पहिला अध्याय कारागिरांपासून प्रजेचे रक्षण करण्याविषयीचा. त्यात विणकर येतात, रजक येतात (गिऱ्हाइकाचे वस्त्र अंगावर घालून मिरवणाऱ्या रजकाला ३ पण दंड), सोनार येतात; मग नाणी, मग सापडलेले गुप्तधन, मग वैद्य आणि त्याच्या पाठोपाठ नट. जिवाला धोका असलेला रोगी न कळवता उपचाराला घेतला आणि तो दगावला तर प्रथम साहस. उपचारातील दोषाने दगावला तर मध्यम साहस. मर्माला इजा करून व्यंग आणले तर ते शारीरिक मारहाणीसारखे समजावे, अशी तेथे मांडणी आहे. ‘न कळवता’ म्हणजे कोणाला न कळवता, हे सूत्रात स्पष्ट नाही. दुसऱ्या अधिकरणात (२.३६) लपवून जखमेवर उपचार करून घेणाऱ्याची खबर वैद्याने गोप-स्थानिक या अधिकाऱ्यांना द्यावी असा नियम आहे. त्याच्या प्रकाशात पाहिले तर येथेही राज्याला कळवणेच अभिप्रेत असावे असे वाटते. तसे असेल तर रोग्याच्या माहितीपूर्ण संमतीची आधुनिक कल्पना या सूत्रात वाचणारे अभ्यासक घाई करतात. वैद्याचे मौन येथे राज्याशी केलेली लबाडी आहे.

अध्यायाच्या अखेरीस कौटिल्य या सर्वांना एकच नाव देतो. वाणी, कारागीर, नट, भिक्षुक, गारुडी हे चोर असून चोर म्हणवले जात नाहीत. राजाने त्यांना देश पिळण्यापासून रोखावे, असे तो म्हणतो. नामोल्लेख नसला तरी वैद्य याच अध्यायात आहे, म्हणजे त्याच ओळीत आहे. अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरला शामशास्त्र्यांच्या हाती लागली व ग्रंथ १९०९ मध्ये छापला गेला. पुढे मुंबई विद्यापीठाने र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती काढली. एका बाजूला नव्या वैद्यक परिषदा उभ्या राहत असताना दुसऱ्या बाजूला वैद्याला कारागिरांत मोजणारा हा ग्रंथ शेकडो वर्षांनी पुन्हा वाचला जात होता. या योगायोगाकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

आयुर्वेदाच्या संहिता या बाबतीत दंडशास्त्राहून कठोर आहेत, कारण त्यांना आपल्याच धंद्यातील माणसे ओळखायची होती. चरकाने वैद्यांचे तीन प्रकार सांगितले : वैद्याचे सोंग घेणारे छद्मचर, नामांकितांच्या ओळखीवर मिरवणारे सिद्धसाधित आणि प्राण राखणारे जीविताभिसर. सूत्रस्थानाच्या एकोणतिसाव्या अध्यायात सोंगाड्याचे वर्तन तपशीलाने येते. कोणी आजारी पडल्याचे कळताच तो तेथे धावतो, ऐकू जाईल अशा बेताने स्वतःची स्तुती करतो, रोग्याच्या आप्तांना खूश ठेवतो. रोगी हाताबाहेर गेला की साधने नव्हती, सेवक बरे नव्हते, रोग्यानेच पथ्य पाळले नाही असे म्हणून वेश बदलून निघून जातो. असे लोक राजांच्या गाफीलपणामुळे देशात फिरतात, असा शेराही चरक मारतो. लोभाने माणसे मारणारा कुवैद्य राजाच्या दोषामुळेच निर्माण होतो असे सुश्रुत सांगतो, आणि व्यवसायात शिरण्यापूर्वी राजाची अनुज्ञा घ्यावी असे बजावतो. वैद्यकाच्या ग्रंथकारांनी दोष राजावर ढकलला आणि दंडशास्त्राच्या ग्रंथकारांनी वैद्यावर. अनुज्ञा कोणी, कशी तपासून द्यायची याची यंत्रणा दोघांनीही वर्णिलेली नाही.

हा सोंगाड्या संस्कृत प्रहसनाने आयता उचलला. बाराव्या शतकात कनोजच्या गोविंदचंद्राच्या काळातील शंखधराच्या ‘लटकमेलका’त जंतुकेतू नावाचा वैद्य आहे. नायिकेच्या घशात माशाचे हाड अडकल्यावर त्याला बोलावले जाते. त्याच्या अचाट उपायांनी तिला इतके हसू येते की हाडच निघून येते. जगदीश्वराच्या ‘हास्यार्णवा’तील वैद्याचे नावच व्याधिसिंधू आहे. काश्मीरच्या क्षेमेंद्राने (अकरावे शतक) ‘नर्ममाला’ व ‘कलाविलास’ या रचनांत वैद्याला कायस्थ, सोनार अशा लुबाडणाऱ्यांच्या मालिकेत आणले. ही मालिका आणि कौटिल्याच्या अध्यायातील मालिका जवळजवळ एकच आहे. क्षेमेंद्राने अर्थशास्त्र समोर ठेवूनच लिहिले असे म्हणण्याची गरज नाही. दोघांपुढे एकच बाजार होता. प्रहसनात मात्र दंड कोणालाच होत नाही. राजा स्वतःच हास्यपात्र असल्यावर दंड करणार कोण? चरक ज्याला राजाचा गाफीलपणा म्हणतो, तो प्रहसनकार रंगभूमीवर प्रत्यक्ष आणून दाखवतो.

मोलिएरच्या १६६६ मधील ज्या नाटकाचे ह. ना. आपटे यांनी ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ असे मराठी रूप केले, त्यात हीच गोष्ट वेगळ्या कायद्याच्या छायेत घडते. मूळ फ्रेंच नाटकातील लाकूडतोड्या मार खाऊन वैद्य होतो, पैसे घेतो, लॅटिनचे तुकडे फेकतो, आणि शेवटी त्याच्यावर फाशीची वेळ येते. पण ती खोट्या वैद्यकीसाठी नव्हे, मुलीला प्रियकराबरोबर पळवण्यात हात होता म्हणून. रोग्याला फसवल्याबद्दल त्याला कोणी जाब विचारत नाही. वैद्याला शिक्षा व्हायचीच असेल तर ती दुसऱ्याच कुठल्या तरी अपराधाखाली होते, ही गोष्ट पुढच्या दंडेतिहासातही पुन्हा पुन्हा दिसते.

इंग्रजी अंमलात मिताक्षरेचे दोन तुकडे झाले. कोलब्रूकने १८१० मध्ये तिच्यातील दायविभागाचा तेवढा अनुवाद केला व तो न्यायालयांच्या टेबलावर राहिला. वारसाहक्काच्या दाव्यांत विज्ञानेश्वराचे नाव आजही घेतले जाते. साहस-प्रकरणाचा असा अनुवाद न्यायालयांना लागला नाही, कारण फौजदारी कायदा त्यांनी वेगळ्या वाटेने नेला. मुंबई इलाख्यात तो १८२७ च्या चौदाव्या रेग्युलेशनने बांधला गेला आणि पुढे साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी १८६० ची दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली.

या संहितेत याज्ञवल्क्याच्या शेजाऱ्यांची पांगापांग झाली. खोटी नाणी बाराव्या प्रकरणात गेली, खोटी वजने-मापे तेराव्यात, औषधातील भेसळ सार्वजनिक आरोग्याच्या चौदाव्यात (सहा महिने कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड), आणि फसवणूक मालमत्तेच्या सतराव्यात. निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूचे ३०४-अ हे कलम १८७० मध्ये घातले गेले ते सोळाव्या, शरीरविषयक प्रकरणात. मग वैद्य कोठे राहिला? तो सापडतो अपवादांच्या प्रकरणात. सद्भावनेने, रोग्याच्या संमतीने, त्याच्या हितासाठी धोक्याची शस्त्रक्रिया करणारा शल्यवैद्य अपराधी नाही, असे कलम ८८ चे उदाहरण आहे. रोगी वाचणार नाही असे सद्भावनेने त्याला सांगितले आणि त्या धक्क्याने तो मेला तरी सांगणारा वैद्य निर्दोष, असे कलम ९३ चे. कौटिल्याच्या ग्रंथात चोरांच्या रांगेत उभा असलेला माणूस मेकॉलेच्या परंपरेतील ग्रंथात सद्भावनेचे उदाहरण झाला. याच संहितेच्या कलम ४१५ खाली, म्हणजे फसवणुकीच्या व्याख्येखाली, नऊ उदाहरणे दिली आहेत. मुलकी नोकरीत असल्याची थाप मारून उधारीवर माल घेणारा त्यांत आहे, हिरे नसलेले खडे हिरे म्हणून गहाण टाकणारा आहे, निळीची रोपे देण्याच्या बोलीवर पैसे उचलणारा आहे. रोगी नाही. बंगाल-बिहारच्या निळीच्या व्यापाराची आठवण कायद्याच्या पोटात कायमची राहिली. चरकाने इतक्या बारकाईने रंगवलेला माणूस राहिला नाही. कलमाचा शब्दार्थ खोट्या वैद्याला लागू होत नाही असे मुळीच नाही. तो होतो, आणि ४२० खाली सात वर्षांपर्यंत कैदही होऊ शकत होती. तरी उदाहरण नसणे बोलके आहे, कारण कायदा करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फसवणूक म्हटल्यावर कोण येते हे उदाहरणांवरूनच कळते.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये प्रश्नाचे रूपच बदलले होते. १८५८ च्या वैद्यक कायद्याने नोंदणीपट तयार केला. पटावर नसलेल्याने उपचार करू नयेत असे तो कायदा म्हणत नव्हता. पटावर असल्याचे खोटे भासवले तर २० पौंडांपर्यंत दंड, एवढेच म्हणत होता. मुंबई इलाख्याचा १९१२ चा कायदा याच नोंदणीच्या वाटेने गेला. १९१६ च्या वैद्यकीय पदव्यांच्या कायद्याने पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी खोटी लावणाऱ्याला पहिल्या वेळी २५० रुपयांपर्यंत दंड सांगितला, आणि आयुर्वेद, युनानी व होमिओपॅथी या पद्धती व्याख्येबाहेर ठेवल्या. खोटेपणाची जागा उपचारातून सरकून नावापुढील अक्षरांवर आली. विज्ञानेश्वराच्या तीन अंगांपैकी ज्ञानाचा दावा तेवढा उरला, आणि तोही ज्ञानाचा नव्हे तर पदवीचा. मराठी वृत्तपत्रांतील ‘बोगस डॉक्टर’ हा शब्दप्रयोग याच सरकण्याचे अपत्य आहे. तो नोंद नसलेल्याला लागतो. नोंद असून खोटा उपचार करणाऱ्याला सहसा लागत नाही. या ‘बोगस’ शब्दाचा पूर्वेतिहास मात्र मजेदार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत तो खोटी नाणी पाडण्याच्या यंत्राला वापरत. म्हणजे शब्दाच्या वाटेने का होईना, वैद्य पुन्हा नाणेपारख्याच्या शेजारी येऊन बसला.

वैद्यकीय फसवणुकीला त्याच नावाने स्वतंत्र फौजदारी अपराध ठरवण्याचे ठळक उदाहरण अमेरिकेचे आहे, आणि तेथे पोचण्याची वाट पैशाची होती. १९६५ मध्ये मेडिकेअर व मेडिकेड या योजना सुरू झाल्या. रोगी एक, पैसे देणारा दुसरा, आणि काय केले हे सांगणारा तिसरा, अशी रचना त्यांतून प्रचंड प्रमाणावर उभी राहिली. १९७२ मध्ये रोगी पाठवण्याबद्दल घेतलेले कमिशन आणि खोटी देयके हे किरकोळ अपराध ठरले. १९७७ मध्ये ते पाच वर्षांपर्यंत कैदेचे गंभीर अपराध झाले. २०१८ मध्ये ही मर्यादा दहा वर्षे करण्यात आली. दरम्यान २१ ऑगस्ट १९९६ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या आरोग्य विमाविषयक कायद्याने संघीय दंडसंहितेत कलम १३४७ घातले. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही आरोग्य-लाभ योजनेला जाणूनबुजून फसवण्याची योजना आखणे किंवा तसा प्रयत्न करणे हाच अपराध, आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत. २०१० च्या सुधारणेने आणखी एक पळवाट बुजवली : आरोपीला हे विशिष्ट कलम ठाऊक होते हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही.

या कलमाच्या व्याकरणात कर्म आहे योजना. फसतो तो निधी. रोगी हे फसवणुकीचे साधन. तरीही त्याच कलमात दोन वाक्ये अशी आहेत की ज्यांनी शरीराला मागच्या दाराने आत घेतले आहे. फसवणुकीतून गंभीर शारीरिक इजा झाली तर वीस वर्षांपर्यंत, मृत्यू झाला तर आजन्म कैद. पैशाच्या अपराधाला देहाच्या परिणामानुसार चढत्या पायऱ्या देणारी ही रचना कौटिल्याच्या तीन पायऱ्यांची आठवण करून देते. फरक असा की कौटिल्याच्या पायऱ्या न कळवण्यापासून मर्मभेदापर्यंत जातात, आणि येथे प्रवास देयकापासून मृत्यूपर्यंत आहे.

मिशिगन राज्यातील एका कर्करोगतज्ज्ञाचा खटला या संदर्भात वाचावा लागतो. कर्करोग नसलेल्यांना अथवा गरज नसलेल्यांना औषधे टोचून विम्याकडून पैसे घेतल्याचा आरोप त्याच्यावर २०१३ मध्ये आला. २०१४ मध्ये त्याने गुन्हे कबूल केले. जुलै २०१५ मध्ये डेट्रॉइटच्या संघीय न्यायालयाने त्याला ४५ वर्षांची शिक्षा दिली. सरकारने १७५ वर्षे मागितली होती. बाधित रुग्णांची संख्या ५५३ नोंदली गेली. कबूल केलेली कलमे पाहिली तर त्यांत आरोग्यसेवेतील फसवणुकीची तेरा, कमिशनच्या कटाचे एक आणि पैशाच्या अफरातफरीची दोन. शरीराला केलेल्या इजेचे स्वतंत्र कलम त्यांत नाही. निरोगी माणसांच्या शिरांत विषारी औषध सोडणे हे आरोपपत्रात खोटे देयक म्हणून आले. रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक बोलले ते शिक्षेच्या सुनावणीत, म्हणजे अपराध कोणाविरुद्धचा हे ठरून गेल्यानंतर. तरी ४५ हा आकडा केवळ देयकांच्या रकमेतून आलेला नाही हे उघड आहे. कलमाने ज्यांना साधन मानले होते, त्यांना त्या दालनात ऐकून घ्यावे लागले.

भारतात निधीला फसवण्याचा प्रश्न उशिरा व तुकड्यातुकड्यांनी आला. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्यात लाभासाठी खोटे निवेदन करणे हा अपराध आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये जीवनदायी आरोग्य योजना आली (२०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते), आणि २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथून आयुष्मान भारतची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली. न झालेल्या शस्त्रक्रियेचे देयक, न दाखल झालेला रुग्ण, गरज नसता केलेली शस्त्रक्रिया हे प्रकार आता येथेही तपासले जातात. रुग्णालयाला यादीतून काढणे व रक्कम वसूल करणे हे त्यावरचे प्रशासकीय उपाय. तुरुंगाचा प्रश्न आला की पुन्हा फसवणुकीच्या सर्वसाधारण कलमाकडेच जावे लागते, कारण कलम १३४७ सारखे स्वतंत्र कलम दंडसंहितेत नाही. नोंदणीशिवाय वैद्यकी करणाऱ्याला २०१९ च्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग कायद्याने एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड अथवा दोन्ही ठेवले आहेत. पण ती १८५८ च्याच वाटेवरची पुढची पायरी आहे.

१ जुलै २०२४ पासून १८६० ची संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवणाऱ्याची शिक्षा दोनावरून पाच वर्षांवर नेली, आणि नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाने वैद्यकीय प्रक्रिया करताना तसे घडवले तर ती दोन वर्षांपर्यंतच ठेवली. याज्ञवल्क्याच्या श्लोकात दंडाची पायरी रोगी कोण यावर ठरत होती. या कलमात ती उपचार करणारा कोण यावर ठरते. या तरतुदीमागे २००५ मधील जेकब मॅथ्यू निकालाची पार्श्वभूमी आहे. सद्भावनेने काम करणाऱ्या डॉक्टरावर ऊठसूट फौजदारी खटले होऊ नयेत ही सर्वोच्च न्यायालयाची त्यातील चिंता रास्त होती. मात्र मिताक्षरेने चुकलेला उपचार व खोटा उपचार यांत जी रेघ ओढली होती, ती या नव्या कलमात नाही. खोट्या उपचारासाठी कलम ३१८ कडे वळावे लागते. तेथे फसवणुकीची व्याख्या जवळजवळ जुन्याच शब्दांत आहे, खाली उदाहरणेही जुनीच आहेत. खोटे हिरे आहेत, निळीची रोपे आहेत. रोगी त्यांत अजून आलेला नाही.